दात ओठावर टेकवा

"दात टेकवा बाई, दात! वरचे दात खालच्या ओठावर. हे असे. फ्फ… फ्रूट."

छोट्या शेठनं आपले पांढरेशुभ्र दात ओठावर टेकवून दाखवले आणि तो थोरलीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. संत्र्यांचा फिरता पट्टा बंद करून त्यानं शेडमधल्या झाडून सगळ्या बायका भोवती गोळा केल्या होत्या. वर उन्हानं पत्रा तडतडत होता, आत संत्र्याच्या सालीचा उग्र वास कोंडला होता, आणि हातातलं काम टाकून हा काय तमाशा चाललाय ते कुणालाच धड कळत नव्हतं.

"फूट," थोरली म्हणाली.

"फूट म्हणजे पाऊल. आपण काय विकतो बाई, संत्री का पावलं?"

बायका हसल्या. थोरली आपल्या उंच स्टुलावर ताठ बसून राहिली.

"पूर्ण म्हणा. वेलकम, व्हेरी फ्रेश फ्रूट. आणि मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"वेलकम. भेरी फ्रेस फूट."

या वेळी त्यानं तिचा आवाज मोबाईलमध्ये भरून घेतला होता. तो त्यानं शेडच्या भोंग्याला जोडला आणि वाजवला. भेरी फ्रेस फूट, भेरी फ्रेस फूट. पत्र्याखाली तो आवाज घुमत राहिला. स्वतःचा आवाज असा बाहेरून थोरलीनं कधी ऐकला नव्हता. फुसका, बोबडा, कुण्या दुसऱ्याच म्हातारीचा वाटावा असा. बायका पोट धरून हसत होत्या. त्यातलं एक हसणं तिला ओळखीचं वाटलं म्हणून तिनं वळून पाहिलं, तर तिची सख्खी धाकटी जाऊ तोंडावर हात दाबून खिदळत होती.

टेकवू काय, कपाळ? असं थोरलीच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिला वरचे पुढचे दातच नव्हते! बोळक्या हिरडीवरून नुसती वाफ जायची, तिचा 'फ' कुठून होणार? आणि नाकासमोर उभं राहून तिच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाला एवढं ढळढळीत दिसू नये? पण तिनं हाताची मूठ तोंडाशी नेली.

"धाकटी, तू म्हण गं," शेठ म्हणाला.

धाकटी पुढे झाली. कॉलेजची पायरी चढून उतरलेली पोर. "वेलकम. व्हेरी फ्रेश फ्रूट," असं एका दमात म्हणाली, आणि शेठनं टाळ्या वाजवल्या.

"बघा! याला म्हणतात बोलणं. बुधवारी परदेशातले पाहुणे येणार. शेडमध्ये पाय ठेवला की त्यांना पहिलं काय दिसतं? हे स्टूल. या स्टुलावर जो बसेल त्याला एवढं एक वाक्य नीट आलंच पाहिजे. नाहीतर स्टुलावर दुसरं माणूस बसेल."

त्या स्टुलाची गोष्ट सांगायला हवी. हौदात धुतलेली संत्री पट्ट्यावर यायची ती स्टुलासमोरून. थोरली एकेक फळ नजरेखालून घालायची आणि पट्ट्याच्या घरघरीच्या वर आवाज चढवून प्रत पुकारायची. "येष्ट्रा! मिडम, मिडम, इस्मॉल… रिजेक!" पुढच्या बायका मान वर करायच्या नाहीत. आवाज कानात पडला की हात आपोआप त्या त्या क्रेटकडे जायचे. इंग्रजी शब्द या शेडमध्ये कैक वर्षं नांदत होते आणि वापरून वापरून घरच्या भांड्यासारखे पोचे पडून बसले होते. स्टुलाला सगळे इष्टूल म्हणत, पण तेवढ्यानं त्यावरून कुणी खाली पडलं नव्हतं. साखळीनं क्रेट माळ्यावर चढायचे त्या लिफ्टला लिप म्हणत, तरी ती चढायची. छोट्या शेठनं फळ्यावर बुधवारचं इंग्रजी नाव लिहून दाखवलं आणि मधला 'ड' म्हणायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा हौदावरची मावशी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "म्हणायचाच नाही तर त्याला बिचाऱ्याला तिथं बसवलाय कशाला?"

त्या साली पाण्यानं दगा दिला होता. विहिरी तळाला गेल्या, संत्री लिंबाएवढी राहिली, दोन पट्ट्यांपैकी एक बंद पडला. हौदातलं पाणी बदलायला पाणी नव्हतं, म्हणून त्याच गढूळ पाण्यात फळं पुन्हापुन्हा बुचकळायची. सालीचं तेल बायकांच्या बोटांच्या भेगांत जाऊन चरचरायचं. अशात ज्याची जागा टिकली तो टिकला. थोरलीची कंबर क्रेट उचलण्यापलीकडे गेली होती. स्टूल गेलं की शेड गेली, आणि शेड गेली की घरात ती कुणाच्या जिवावर जगणार?

संध्याकाळी दोघी जावा एका वाटेनं घरी आल्या, पण मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. घरी आल्यावर थोरलीनं भांडी आदळायला सुरुवात केली.

"ताई, अहो सगळेच हसले," धाकटी शेवटी म्हणाली.

"सगळे माझ्या घरात राहत नाहीत."

"मुद्दाम नाही हसले हो. आलं हसू."

"मग मघाशी ते वाक्य? तेही आपोआपच आलं? घडाघडा म्हणालीस की! टाळ्या मिळाल्या ना? बस आता स्टुलावर पायावर पाय टाकून!"

"त्यांनी म्हण म्हणाल्यावर काय मुकी झाल्याचं सोंग करू? तुमचे दीर तिकडे लांब कामाला, महिना महिना तोंड दिसत नाही. मला काम नको का?"

"काम कर ना! माझंच करायचंय का तुला?"

थोरलीचा नवरा दारात बसून पाय चोळत होता. शेडच्या फाटकातल्या वजनकाट्यावर तो बसायचा, म्हणून त्याला सगळे काटेवाला म्हणत. भांडणात पडायची त्याला सवय नव्हती. तो नुसता म्हणाला, "अगं, शीक ना ते वाक्य. चार शब्द तर आहेत. त्या जागेसाठी आपण…" आणि तिथंच थांबला.

"बोला की," थोरली म्हणाली. "त्या जागेसाठी आपण काय?"

तो उठून बाहेर गेला. धाकटीनं या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पण तिला काही उलगडा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दात टेकवा, पुन्हा म्हणा, मागच्यांना ऐकू गेलं नाही. थोरलीनं रात्रभर मनात घोकलं होतं. तिनं जीभ लावून पाहिली, ओठ आत घेऊन पाहिला, आणि एकदा जीव एकवटून तो 'फ' काढायला गेली तर थुंकीचा शिंतोडा उडाला, तो नेमका शेठच्या इस्त्रीच्या शर्टावर. कुणी हसलं नाही आता. शेठनं रुमाल काढला, शर्ट पुसला, रुमालाकडे पाहिलं आणि तो कचऱ्याच्या पिंपात टाकून दिला. घडी न मोडलेला, नवाकोरा रुमाल.

"उतरा बाई," तो म्हणाला. "उगाच वेळ जातोय. तुम्ही क्रेटवर जा. धाकटी, तू बस."

थोरली उतरली. स्टुलाची एक पायपट्टी तिच्या टाचेनं झिजून खोलगट झाली होती. तिच्यावर आता धाकटीची चप्पल टेकली. धाकटीनं मान वर केली नाही. पट्टा सुरू झाला आणि तिचा पातळ, स्वच्छ आवाज आला, "एक्स्ट्रा लार्ज. मीडियम. स्मॉल." बायकांचे हात गडबडले. काहींनी माना वर करून पाहिलं, काहींची फळं चुकीच्या क्रेटमध्ये पडली. पण हात काय, आठवड्याभरात नव्या आवाजालाही सरावतील. ते थोरलीला चांगलं ठाऊक होतं आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

क्रेटवर म्हणजे लिपखाली. भरलेले क्रेट साखळीच्या आकड्याला अडकवायचे, बाजूचा दांडा ओढला की ते माळ्यावर चढायचे. त्या साखळीखाली थोरलीनं इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. लांबून वळसा घालून जायची. आज ती तिथं उभी राहिली आणि तिनं आधी मान वर करून साखळीकडे पाहिलं.

दात तिथंच गेले होते. तेव्हा याचे वडील, मोठे शेठ होते, आणि हा छोटा सुट्टीला कॉलेजातून आला होता. मित्रांना लिप दाखवत होता. थोरली खाली वाकून आकडा लावत होती. यानं गंमत म्हणून दांडा ओढला आणि तसाच सोडून दिला. भरला क्रेट वरून आला तो सरळ तिच्या तोंडावर. मग संध्याकाळी मोठे शेठ स्वतः घरी आले, दारात हात जोडून उभे राहिले. पोरगं आहे, म्हणाले, त्याच्या आयुष्याचा सवाल आहे. कुणी विचारलं तर पायरीवरून पडले म्हण. पट्ट्याच्या तोंडाशी तुझी जागा, तू स्वतः नको म्हणशील तोवर. काटेवाल्यानं तिच्याकडे पाहिलं होतं, तिनं सुजल्या तोंडानं मान हलवली होती. पुढे मोठे शेठ वारले, शब्द राहिला. तिनं तो पाळला. आणि ज्याच्यासाठी पाळला तो आज तिला दात टेकवायला सांगत होता!

त्याला आठवत कसं नसेल? की आठवत असून… ती विचार करत राहिली आणि वाकून वाकून क्रेट लावत राहिली. दुपारपर्यंत कंबर धरली. हौदावरची मावशी पाणी टाकायला आली तेव्हा दबक्या आवाजात खेकसली, "अजून गप्प बसणार आहेस? तोंड गेलं ते गेलं, जीभ तरी शाबूत आहे ना?"

"तू तुझं काम कर," थोरली म्हणाली.

बुधवार उजाडला. पाणी दिवसाआड यायचं, त्यामुळे पहाटेपासून टाकीपाशी रांग लागली होती. थोरली भांडी घेऊन बसली होती. धाकटी आली आणि बोलावं की बोलू नये अशा बेतानं शेजारी टेकली.

"ताई, मी शिकवते तुम्हाला. अजून वेळ आहे. तुम्हाला आलं तर मी शेठला सांगेन, मला नको ते स्टूल. खरंच. काल दिवसभर मला तिथं बसवत नव्हतं."

थोरलीनं भांडं पुढे सरकवलं.

"माझ्याकडे बघा ना. असा ओठ, असे दात…" आणि धाकटी मध्येच अडखळली. एका घरात राहून, एका पंगतीला बसून, तिनं थोरलीच्या तोंडाकडे असं नीट कधी पाहिलंच नव्हतं. तिचा चेहरा उतरला. "अगं बाई. तुम्हाला तर… आणि मी हसले!"

"हसलीस."

"पडले कसे हो दात?"

"पायरीवरून पडले," थोरली म्हणाली. इतक्यांदा म्हटलेलं वाक्य, तोंडातून आपसूक गेलं.

"कुठल्या पायरीवरून?"

"घराच्या."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. "ताई, आपल्या घराला पायरी कुठे आहे?"

रांग पुढे सरकली. मागच्या बाईनं भांडं ढकललं, तरी थोरली हलली नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. शेजाऱ्यांनी नाही, आल्यागेल्यांनी नाही, डॉक्टरनंही नाही. सपाट जमिनीवरचं घर, उंबरा तेवढा काय तो. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळ्यांनी पायरी मान्य केली होती! तिला एकदम रडू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की हातातली कळशी तिनं दगडावर आपटली. मग तिनं धाकटीला सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. रांगेत कोण ऐकतंय ते पाहिलं नाही.

शेडमध्ये त्या दिवशी फरशी चकाचक धुतली होती. माणसांना प्यायला नाही आणि फरशीला पाणी! छोटा शेठ नवा शर्ट घालून फाटकापर्यंत जात होता, परत येत होता. काटेवाल्यालासुद्धा धुतलेली टोपी घालायला लावली होती.

"गाड्या वळणावर आल्यात," शेठ हातातल्या मोबाईलकडे बघत म्हणाला. "धाकटी, एकदा शेवटचं म्हणून दाखव."

धाकटी स्टुलावरून खाली उतरली.

"म्हण ना. उतरलीस कशाला?"

"मी नाही म्हणणार."

"का? आता काय झालं?"

"ती जागा माझी नाही. ज्यांची आहे त्यांना विचारा काय झालं ते."

पट्टा बंद होता. साखळीखालून थोरली निघाली ती सरळ शेठसमोर येऊन उभी राहिली. तिनं तोंड उघडलं, चांगलं आ करून उघडलं, आणि बोटानं वरची हिरडी दाखवली.

"बघा. रोज दात टेकवा, दात टेकवा म्हणताय. कुठले टेकवू?"

"बाई, आत्ता ही वेळ आहे का? पाहुणे दारात आलेत."

"येऊ देत. माझे दात या लिपखाली पडलेत, शेठ. वरून क्रेट आला. दांडा कुणी ओढला होता, आठवतं?"

शेठ हसायला गेला, पण हसू ओठावरच अडलं. त्याचे डोळे एकदाच, अगदी क्षणभर, दांड्याकडे गेले आणि झटकन परत आले. तेवढं थोरलीला पुरलं. म्हणजे आठवत होतं तर! पहिल्या दिवसापासून आठवत होतं!

"काहीतरीच काय. तुम्ही तर पायरीवरून…"

"रक्त मी धुतलंय," हौदावरून मावशी ओरडली. "याच हौदाच्या पाण्यानं! तुम्ही त्या खांबामागं उभे होता, पांढरेफटक पडून!"

दारात काटेवाला येऊन उभा राहिला होता. थोरलीला वाटलं, हा आता म्हणणार, गप्प बस, जागा जाईल. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की म्हणूनच बघ. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात चुरगाळली.

"आमच्या घराला पायरी नाही, शेठ," तो म्हणाला. "कधीच नव्हती."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शेठनं फाटकाकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं, कपाळावरचा घाम टिपायला खिशात हात घातला, तर रुमाल नव्हता.

"मी लहान होतो तेव्हा…"

"मिसरूड फुटलं होतं तुम्हाला!" मावशी म्हणाली.

"बरं, बरं. ओके. सॉरी. आय ॲम व्हेरी सॉरी. झालं? आता प्लीज आपापल्या जागेवर जा सगळ्या."

'व्हेरी'तला 'व्ह' काय सुरेख आला होता! दात ओठावर अगदी जिथल्या तिथं टेकले होते. धक्का लागला की रस्त्यात माणसं म्हणतात ना, तसं तो म्हणाला होता, आणि म्हणतानाच फाटकाकडे वळलाही होता.

थोरलीनं त्याची वाट अडवली.

"हे पाहुण्यांसाठी ठेवा. मला आपल्या बोलीत म्हणा."

"काय म्हणू?"

"तेच. आईनं शिकवलं असेल की."

शेठनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द काही बाहेर येईना. इतक्या लोकांत, या बायकांसमोर, त्याच्या पगारावर जगणाऱ्या या बाईला. त्याचे कान लाल झाले. हॉर्न पुन्हा वाजला, आता फाटकाच्या आतून.

"ओठ मिटा," थोरली म्हणाली. "'मा'ला आधी ओठ मिटावे लागतात. हं. आता उघडा. मग 'फ'. भिऊ नका, आपल्या 'फ'ला दात लागत नाहीत. नुसत्या ओठांनी होतो."

धाकटी स्टुलापाशी सरकून उभी राहिली. थोरलीनं तिच्या खांद्यावर हात टेकला, कंबर सावरत झिजल्या पट्टीवर टाच ठेवली आणि वर चढून आपल्या जागी बसली. तिथून तिला शेठचा भांग दिसत होता, आणि त्याच्या मागे दारात थबकलेले, काही न कळून बघत राहिलेले पाहुणेही दिसत होते.

"माफ…" शेठ फरशीकडे बघत पुटपुटला, "माफ करा."

"पुन्हा," थोरली म्हणाली. "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."